दगड खाली, पाणी वर

मागच्या उन्हाळ्यात पुतण्यानं मला हौसेनं रोपवेत बसवलं. डोंगरावरच्या एका देवस्थानाला जाणारा रोपवे; काचेचा डबा, आत गुबगुबीत बाक, दाराशी टोपी घातलेला माणूस. डबा सुटला तसे बाकीचे सगळे दरीकडं बघून फोटो काढायला लागले आणि मी समोरून खाली येणाऱ्या डब्यात कोण बसलंय ते बघायला लागलो. त्यात एक खातंपितं कुटुंब दिसलं, चारी माणसं भरलेल्या अंगाची, तेव्हा मला हायसं वाटलं. म्हटलं, चला, आपण वर पोचणार. पुतण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, काका, हे मोटरीवर चालतं, समोरच्याच्या वजनाशी आपला काही संबंध नाही. मी मान हलवली. पण ज्या माणसानं एकोणिसाव्या वर्षी एका रज्जुमार्गाचं सेक्रेटरीपद सांभाळलेलं आहे, त्याला आपल्याला कोण ओढतंय हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

आमच्या घरात बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "काका, तुमचा तो तारेवरचा पाळणा सांगा." मग मी सांगतो. नातवंडांना हसायच्या जागा पाठ आहेत. मी तोंड उघडायच्या आधीच ती हसतात. गणपतनाना मधोमध लोंबकळले तिथवर गोष्ट आली की मी थांबतो आणि चहा मागतो. पुढचं मी कधी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. लिहिताना चहाची सोय नसते, म्हणून पुढचंही लिहावं लागेल.

येरमाळ्याच्या बाजारापासून चालत दोन तासांवर डोंगराचा एक फाटा पुढं आलेला आहे. त्याच्या टाळूवर आमची वस्ती होती. दहा घरं, सहा गणपतनानांच्या भावकीची, चार आमची. वर खडक, खडकावर वीतभर माती, मातीत हुलगा, मटकी आणि पाऊस मनावर घेईल त्या वर्षी ज्वारी. आमचे लोक आधी डोंगराच्या पायथ्याच्या गावात, गावाच्या पार शेवटी, सगळ्या गावाचं सांडपाणी जिथं येऊन थांबतं तिथं राहायचे. धम्म घेतला त्या साली माझ्या बापानं ठरवलं की आता वर जायचं. खाली जोहार घालत राहायचं, त्यापेक्षा वर वाऱ्यात उभं राहिलेलं बरं. त्यानं स्वतः दगड काढले, स्वतः घडवले, दोन खणांचं घर बांधलं आणि माझी आठवी व्हायच्या आत तापानं गेला. त्या घराच्या भिंतींना मायनं शेणमातीचा हात इतक्या वेळा दिला होता की आतून दगडाचा कोपरा कुठं लागायचा नाही. चुलीमागं एक गुळगुळीत कोनाडा होता, त्यात चिमणी आणि बुद्धाची तसबीर. बाहेर वारा सुटला की अख्ख्या डोंगरावर शिट्ट्या वाजायच्या, पण आत दिव्याची ज्योत हलायची नाही. माय हे पाहुण्यांना बोट दाखवून दाखवायची, एखाद्यानं शेतातली विहीर दाखवावी तसं.

विहीर तेवढी नव्हती. वर पाणी लागतच नव्हतं. पाणी पायथ्याच्या आडात, आणि आड ते वस्ती अशी दगडातून कोरल्यासारखी एक उभी पाऊलवाट. बायका दिवसाला तीन खेपा करायच्या. मायचा डावा गुडघा त्या वाटेनंच खाल्ला. उतरताना ती आडवी होऊन, खेकड्यासारखी एकेक पायरी उतरायची. खालची माणसं म्हणायची, अगं, ये की खाली राहायला, जागा देतो. माय म्हणायची, "खालून वर आल्याली बाई म्या. परत खाली न्हाय जायाची." बस्स, एवढंच. त्या काळात आमच्या घरात दुसरा प्रश्नच नव्हता. मायचा गुडघा आधी हरतो की डोंगर, एवढंच बघायचं राहिलं होतं, आणि डोंगराचा गुडघा दुखत असल्याचं कधी ऐकण्यात आलं नाही.

मोठा दुष्काळ पडला त्या साली माझा धाकटा चुलता, आप्पा, लांबच्या खाणीतली नोकरी संपवून परत आला. नोकरी संपली म्हणजे उजव्या हाताची दोन बोटं संपली. खाणीत खनिजाचे डबे तारेवरून डोंगर उतरत, त्या तारेच्या चाकावर आप्पांनी बारा वर्षं काढली होती. आल्यावर चार दिवस त्यांनी कुठलं काम धरलं नाही. कट्ट्यावर बसून बायकांची रांग वर चढताना बघायचे. खाली तेव्हा पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. सगळी वस्ती तिथंच राबायची, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरीवर आणि पोरांना मिळणाऱ्या सुकडीवर. तलावाच्या पिचिंगला, म्हणजे बांधाच्या दगडी अस्तराला, दगड हवा होता आणि चांगला दगड होता वर, आमच्या टाळूखालच्या कड्यात. बैलगाड्या दीड तासाचा वळसा घेऊन तो खाली नेत, आणि अर्धे बैल चाऱ्याविना बसलेले. पाचव्या दिवशी आप्पा मायला म्हणाले, "वहिनी, दगडाला खाली जायाचंय, पाण्याला वर यायाचंय. दोघांची गाठ घालून द्यायची, बास." मायला वाटलं ह्याला ऊन लागलं. तिनं त्यांना कांदा फोडून दिला.

पण गाठ खरोखरच तेवढीच होती. कड्याच्या वर एक मोठं चाक. चाकावरून लोखंडी तार. तारेच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्या डब्यात दगड भरायचा, खालच्या डब्यात पाणी. दगड पाण्यापेक्षा थोडा जड असला की तो आपल्या वजनानं खाली जातो आणि पाण्याला वर ओढतो. वीज नको, डिझेल नको, बैल नको. कामावरच्या साहेबाला हे पटलं, कारण त्याला दगड पाहिजे होता. पाण्याचं आमचं आम्ही बघू म्हणाला. कळंबच्या एका बंद पडलेल्या गिरणीचं चाक आम्ही सगळ्यांनी मिळून वर चढवलं. तार कुठल्यातरी धरणावरून भंगारात निघालेली. डबे म्हणजे डांबराची रिकामी पिंपं, मधून कापलेली. चाकाला आवर घालायला बाभळीचा एक ओंडका, जो आप्पा दोन्ही हातांनी चाकावर दाबून धरायचे. ओंडक्यातून धूर निघायचा, चाक किंचाळायचं, आणि तो आवाज लांबवर ऐकू जायचा. बाजारात लोक म्हणायचे, वरल्या वस्तीला तहान लागली वाटतं. खाली आडावर डबा भरायला चाँदभाई. हा मूळचा तेरखेड्याचा. तिथं फटाक्यांची दारू भरून बोटं पिवळी करून घेतलेला, आणि आता दुष्काळी कामावर कड्याला सुरुंग लावायला आलेला. आप्पांची बोटं बघून तो म्हणाला होता, "आपला धंदा एकच दिसतो, भाई. माझी अजून शाबूत हायेत, अल्लाची मेहेरबानी."

त्या दिवसांत दोन माणसं एका झाडाखाली बसली की सहकारी संस्था निघायची. आमचीही निघाली. नाना चेअरमन, कारण ते नाना होते. मी सेक्रेटरी, कारण वस्तीत मॅट्रिकपर्यंत पोचून नापास झालेला मी एकटाच; बाकीचे तिथवर पोचलेच नव्हते. संस्थेचे कागद कळंबला गेले, तिथून पुढं गेले, आणि संस्था नोंदली गेली की नाही हे मला आजतागायत माहीत नाही. पण ठरावाचं एक जाड वही-पुस्तक मी आणलं आणि त्यात 'सूचक' आणि 'अनुमोदक' हे शब्द लाल शाईनं लिहायला लागलो. पहिल्याच सभेत नानांच्या एका चुलत्यानं घसा खाकरून विचारलं की डबे दोन आहेत, तर एक आमच्या घरांचा आणि एक तुमच्या घरांचा असं ठरवून घेतलेलं बरं. आडावर आमच्या बायकांना अजूनही कुणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत थांबावं लागायचं, ते सगळ्यांना माहीत होतं. आप्पा शांतपणे म्हणाले, "ठरवा की. तुमच्या डब्यातनं पाणी वर आलं, तर आमचा डबा खाली गेल्याला असंल. मग पुढल्या खेपेला तुमचा दगूड घेऊन जाईल अन् आमचा पाणी घेऊन येईल. एक खेप तुमी पाणी प्या, एक खेप आमी पितो. तुमच्या खेपेला आमी तहानलेलं ऱ्हातो, आमच्या खेपेला तुमी ऱ्हावा." चुलत्यानं बोटांवर खेपा मोजून बघितल्या. मी ठरावात लिहिलं, 'डबे सर्वांचे राहतील.' वस्तीतला तो भेद कुणाच्या भाषणानं मोडला नाही. चाकच तसं फिरत होतं.

उद्घाटनाला नानांनी हट्ट धरला की पहिल्या खेपेला पाणी नाही, चेअरमन वर जाईल. फेटा, हार, पाच नारळ आणि पेढ्यांची एक पाटी घेऊन ते डब्यात उभे राहिले. वर आम्ही अंदाजानं दगड भरला. नानांच्या वजनाचा आमचा अंदाज चुकला होता. फेट्याखाली माणूस किती जड असतो ते कळत नाही. दोन्ही डबे बरोबर मध्यावर आले आणि थांबले. ना खाली, ना वर. खाली कामावरची माणसं घमेली टाकून बघत उभी. आप्पांनी वरून ओरडून सांगितलं की नाना, हलकं व्हा. नानांनी आधी हार टाकला. मग एकेक नारळ. मग मूठमूठ पेढे. आणि खाली मिलो खाऊन कावलेली माणसं पेढे वेचायला अशी धावली की मुकादमाला हजेरी परत घ्यावी लागली. शेवटी जोडे टाकले तेव्हा डबा हलला. नाना वर आले ते अनवाणी, फेटा हातात, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं की आजपासून डब्यात माणूस बसणार नाही, लिहून घ्या. मी लिहून घेतलं. आप्पांनीही तो कायदा पाळला. तार जुनी होती, तिचे दोन पीळ आधीच उसवलेले होते, ते फक्त त्यांना आणि मला माहीत होतं.

इथं मी चहा मागतो.

त्यानंतरचे सातआठ महिने आमच्या वस्तीनं जे सुख भोगलं ते आसपासच्या मुलखात कुणी भोगलं नसेल. सगळीकडं हंडाभर पाण्यासाठी माणसं मैलोन्‌मैल हिंडत होती आणि आमच्या दारात पाणी येऊन टेकत होतं. त्याला डांबराचा वास होता. आमटीला डांबराचा वास, चहाला डांबराचा वास, येसर घालून माय जी आमटी करायची तिच्यात तर तो असा मुरायचा की पाहुणे मसाला कोणता ते विचारायचे. आजही शहरात रस्त्याचं काम चालू असलं की मला भूक लागते. मायचा गुडघा निवांत झाला. ती दारात बसून वाकळ शिवायची आणि चाक किंचाळलं की सुई थांबवून बघायची. आप्पांना म्हणायची, "भावजी, तुमची दोन बोटं कारणी लागली."

आणि त्याच सुखात आम्ही ती चूक केली. चांगला, चिरेबंद, काढायला सोपा दगड होता तो नेमका पाऊलवाटेच्या कडेला; पायऱ्यांचाच म्हणा. आता वाट लागते कुणाला? पुन्हा कोण कशाला चढेल? मी ठराव लिहिला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, एकमतानं मंजूर. चाँदभाईनं सुरुंग लावला. ज्या वाटेनं आमच्या बाया सोळा-सतरा वर्षं चढल्या ती वाट आम्ही फोडली, डब्यात भरली आणि पाण्याच्या बदल्यात खाली पाठवली. फुटली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. माझ्या टाळ्या जरा जास्त मोठ्या होत्या, सेक्रेटरी म्हणून.

मग पाऊस झाला. सगळ्या मुलखानं आनंद केला, दुष्काळी कामं बंद झाली, मुकादम हजेरीपट गुंडाळून गेला. पावसाळाभर वर डबकी होती, काही जाणवलं नाही. दिवाळीनंतर डबकी आटली तेव्हा आमच्या लक्षात आलं की आड तुडुंब भरलेला आहे, वरून चमकताना दिसतो आहे, आणि पाणी वर ओढायला दगड नाही. कडा होता, पण तो फोडायला दारू नव्हती. ती सरकारी कामाबरोबर गेली. चाँदभाई मात्र राहिला. तोवर त्यानं आडाजवळ चहाचं छप्पर टाकलं होतं. दुष्काळ होता तोवर आम्हाला पाणी होतं. सुकाळ आला आणि आम्ही तहानेला लागलो. हे वाक्य मी सभेत बोललो होतो तेव्हा नाना म्हणाले, सेक्रेटरी, हे इतिवृत्तात घालू नका.

आधी सुटे दगड गेले. मग शेतांच्या ताली, म्हणजे दगडी बांध, उसवून त्यांचे दगड. त्या गेल्या तशी वीतभर मातीही पुढच्या पावसात निघून गेली. कुणीतरी म्हणालं, मातीच भरू डब्यात. माय म्हणाली, माती धाडली तर पाणी कशाला आणायचं मग? मी कावड घेऊन वळशानं पाणी आणायला लागलो. दिवसाला दोन खेपा. आठ दिवसांनी एक. पंधरा दिवसांनी माझ्या खांद्याला फोड आला, आणि तो बरा झाल्यावरही मी तो दाखवत राहिलो.

पहिलं घर गेलं ते नानांच्या चुलत्याचं. दोन्ही मुलं ऊसतोडीला गेली, परत येणार नाही म्हणाली, तसा म्हाताराही त्यांच्यामागं निघाला. जाताना तो माझ्या वहीपाशी येऊन म्हणाला, "माझं घर चाकापासनं धा पावलांवर हाय. धाडा खाली. तेवढंच चार दिस पाणी प्याल." मी लिहिलं: सदर घर खाली पाठविण्यास ही सभा मंजुरी देत आहे. सूचक खुद्द घरमालक. असा ठराव आणखी कुठल्या संस्थेच्या वहीत असेल असं मला वाटत नाही. एका घराच्या भिंती साधारण सव्वा महिना पुरायच्या. भिंत संपत आली की पुढचं कोण, याचा विचार सुरू व्हायचा, पण कुणाला विचारावं लागायचं नाही. पाणी कमी पडलं म्हणून कुणी जायचं, आणि तो गेला म्हणून उरलेल्यांना पाणी मिळायचं. असे दोन उन्हाळे गेले. खाली पायथ्याला आमच्या घरांचा ढीग पडलेला असायचा, आणि खालच्या गावात त्या ढिगातून नवी घरं उठायची. नाना गेले तेव्हा स्वतःच्याच घराच्या दगडांतून त्यांनी खाली नवं घर बांधलं. चेअरमन माणूस, त्यांना एवढी सवलत आम्ही दिली.

शेवटी आम्ही तिघं उरलो. माय, आप्पा आणि मी. आप्पांचं झोपडं कुडाचं, त्यात दगड नव्हता. सभा बोलावली. नियमाप्रमाणं गणपूर्ती होत नव्हती, म्हणून मी सभा अर्धा तास तहकूब केली आणि अर्ध्या तासानं त्याच जागी त्याच तिघांची पुन्हा भरवली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही असा नियम आहे. आप्पा हसत होते. माय हसली नाही. ती म्हणाली, "मागली भिंत काढा. गोठ्याकडली. आता जनावर कुठं हाय. पुढल्या साली काम निघंल परत, दारू येईल. तवर आपुन हितंच." तिनं अंगठा उमटवला. काम पुढं कधी निघालं नाही, पण त्याची ती आठवड्याला चौकशी करायची. एखाद्या बाईनं पुन्हा दुष्काळ पडण्याची वाट बघावी असं मी दुसरीकडं पाहिलेलं नाही.

मागली भिंत गेली. मग आडवी भिंत. आत वारा यायला लागला. चिमणी कोनाड्यातही टिकेना. माय सगळा संसार पुढच्या खणात ओढून आणायची, कमी होणाऱ्या जागेत तीच चूल नव्यानं घालायची, उरलेल्या भिंतीला शेणमातीचा हात द्यायची. सारवून झालं की दुसऱ्या दिवशी मी ती भिंत उसवायचो.

आणि आता ते. त्याच दिवसांत लांबच्या एका नव्या साखर कारखान्यात मला कारकुनाची जागा मिळत होती. ठरावाच्या वहीतलं माझं अक्षर बघून कुणीतरी शब्द टाकला होता. संस्थेचा झालेला तेवढा एकच फायदा. उन्हाळा संपायच्या आत हजर व्हायचं होतं. मायला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जा की, आम्ही राहतो. आणि मग मला तिला तिथं सोडून जावं लागलं असतं, किंवा न जावं लागलं असतं. मी तिसरी वाट काढली. तीन घागरी पाण्याला जेवढा दगड लागतो त्यापेक्षा जास्त भरायला लागलो. आधी एखादा चिरा जास्त. मग दोन. मग दुप्पट. भिंत लवकर संपली की प्रश्न आपोआप संपेल, कुणी कुणाला काही बोलायला नको. पहिल्या दिवशी मोठा चिरा डब्यात ठेवला तेव्हा मी मागं वळून माय बघते का ते पाहिलं. चौथ्या दिवशी पाहिलं नाही. आप्पा चाकावर होते. डबा किती जोरानं सुटतो ते त्यांच्या ओंडक्याला कळत होतं. पूर्वी एक ओंडका दोन महिने जायचा, आता आठवड्याला जळून कोळसा व्हायचा. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग नवा ओंडका तासायला बसले.

सव्वा महिन्याचं घर तीन आठवड्यांत संपलं. शेवटी चूल आणि तिच्यामागचा कोनाडा एवढंच उभं होतं, उघड्यावर, आणि वारा त्यातून शिट्टी घालत होता. त्या सकाळी माय त्या कोनाड्यासमोर येऊन बसली. मग तिनं तसबीर काढून फडक्यात बांधली आणि म्हणाली, चला.

वळशाची वाट तिच्यानं होणारी नव्हती. गुडघा तोवर वाकतच नव्हता. आप्पा तारेकडं बघत राहिले. उसवलेले पीळ आता चार झाले होते. ते म्हणाले, "वहिनी, हळू सोडतो. डोळे मिटून बसा." खाली चाँदभाईला ओरडून सांगितलं की माणूस येतंय. त्यानं नेहमीसारख्या तीन घागरी ओतल्या. मायला मी उचलून डब्यात बसवलं आणि आप्पांनी ओंडका काढला. डबा हलला नाही. खालून चाँदभाईनं एक घागर काढून घेतली. तरी नाही. मग त्यानं आणखी अर्धी काढली तेव्हा तार जराशी ताणली गेली आणि आप्पांनी पुन्हा ओंडका दाबला. दीड घागर. माझ्या आईचं वजन मला त्या दिवशी कळलं.

डब्याच्या काठाला मी धरून होतो. माय माझ्याकडं न बघता, समोरच्या दरीकडं बघत म्हणाली, "दगूड लई मोठं मोठं धाडीत व्हतास तू."

मी काठावरचं डांबर नखानं खरवडत राहिलो.

"मला मोजता येत न्हाय. पर भिंत दिसती की." फडकं मांडीवर नीट करून म्हणाली, "जायाचं व्हतं तर सांगायचं व्हतंस, बाबा. म्या काय धरून ठिवलं असतं?" मग आप्पांना म्हणाली, "सोडा भावजी."

चाक त्या दिवशी किंचाळलं नाही. आप्पांनी ते इतकं हळू सोडलं. मी डब्याकडं बघू शकलो नाही. समोरून वर येणाऱ्या पाण्याकडं बघत राहिलो. ते जसजसं जवळ येत गेलं तसतशी ती खाली जात होती, एवढं मला कळत होतं. खालून चाँदभाईची आरोळी आली, "पोचल्या भाभी," तेव्हा दीड घागर पाणी माझ्यासमोर येऊन टेकलं होतं, हिंदकळत, डांबराच्या वासाचं.

त्याचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही सुचेना. प्यायला तहान नव्हती. आप्पा म्हणाले, "अंघूळ कर." मी म्हटलं, इथं? ते म्हणाले, "आता काटकसर कुणासाठी?" मग चुलीसमोर, जिथं दार होतं तिथल्या फरशीवर बसून मी अंघोळ केली. कित्येक महिन्यांत तांब्याच्या वर पाणी अंगावर घेतलं नव्हतं. आप्पांनीच वरून ओतलं. माणसाला पोचवून आल्यावर करतात ती अंघोळ त्यांच्या मनात होती की साधी, ते मी विचारलं नाही. शेवटचं पाणी त्यांनी आपल्या डोक्यावर घेतलं. ते खडकावरून चार हात वाहत गेलं आणि वाळलं.

आम्ही वळशानं उतरलो. चाँदभाईच्या छपरात माय बाकावर बसली होती, मांडीवर फडकं, पुढ्यात न घेतलेला चहा. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. कारखान्याचं, खोलीचं, गुडघ्याला डॉक्टर दाखवायचं. तिनं मला जवळ येऊ दिलं आणि विचारलं, "पाणी आलं का वर?"

"आलं."

"सांडलं न्हाय न्हवं?"

माझ्या केसांतून पाणी तिच्या पायांपुढं ठिबकत होतं. ती त्या थेंबांकडं बघत होती.

"न्हाय," मी म्हणालो.